रजनी आणि प्रिया तेंडुलकर

दोन वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनात नववीतील एका विद्यार्थिनीने खाष्ट सासूची भूमिका केली होती. भूमिका लहानच होती. परंतु डोळे बारीक करून सुनेकडे पाहण्याची आणि पदर खोचून बोलण्याची तिची ढब अशी काही साधली की, मागच्या बाकांवरील पालकही हसता हसता गप्प झाले. बक्षीस तिलाच मिळाले. पुढे काय झाले ते मात्र अहवालात छापण्यासारखे नव्हते. वर्गात ती 'सासूबाई' झाली. मग हे नाव शाळेच्या फाटकाबाहेर पडून तिच्या गल्लीत पोहोचले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची आई आम्हांस भेटावयास आली. ती म्हणाली, ''सर, पोरीनं नाटक केलं ते चांगलंच केलं. पण आता सारी गल्ली तिला सासूच म्हणते. उद्या पाहुणे आले आणि त्यांच्या कानावर हे नाव पडलं तर?'' या प्रश्नास त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. पुढल्या वर्षी नाटकासाठी नावे मागविली, तेव्हा त्या मुलीने नाव दिले नाही.

नट आणि त्याची भूमिका या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे काय सांगावयास हवे, असे वाचक म्हणतील. सांगावयास हवे, असे आमचे मत आहे. आणि ते सांगण्यास आम्हांस प्रिया तेंडुलकर यांच्यासारखे दुसरे उदाहरण सुचत नाही. आजच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. त्यांच्या आईवडिलांना आणि विशेषतः आजीआजोबांना मात्र ते ठाऊक असते. तेही बहुधा 'रजनी' या नावाने. इथेच आमच्या म्हणण्याचा आरंभ आहे.

दूरदर्शन दिल्लीत १९५९ साली सुरू झाले आणि मुंबईचे केंद्र १९७२ साली. मध्यमवर्गीयांच्या घराघरांत संच शिरला तो मात्र १९८२ नंतर, चित्रे रंगीत दिसू लागली तेव्हा. १९८४ साली 'हम लोग' सुरू झाली आणि मालिका म्हणजे काय ते लोकांना कळले. पाठोपाठ १९८५ साली बासू चटर्जी यांची 'रजनी' आली. रजनी ही एक साधी गृहिणी. तिला नवरा आहे, मूल आहे, स्वयंपाकघर आहे. गॅसचा सिलिंडर वेळेवर येत नाही, टॅक्सीवाला यावयास नकार देतो, कचेरीतील कारकून फेऱ्या मारावयास लावतो, अशा रोजच्या अडचणी तिच्या वाट्यास येत. इतर सारे जिथे 'चालायचेच' म्हणून पुढे जात, तिथे ती थांबे, प्रश्न विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नसे. एवढेच तिचे शौर्य. त्यासाठी तिने तलवार उपसली नाही की भाषण ठोकले नाही.

आमचा जन्म त्यानंतरचा. परंतु आमची आई त्या काळी मुंबईस आमच्या मामांकडे शिकावयास होती, आणि रजनीच्या दिवशी चाळीतील एकुलत्या एका संचापुढे जमणाऱ्या मंडळीचे वर्णन आम्ही तिच्याकडून अनेकदा ऐकले आहे. मालिका संपली की बायका जिन्यातून उतरताना आपापल्या तक्रारी मोठ्याने सांगत: रेशनच्या दुकानातील मापाची, घरमालकाची, नळाच्या पाण्याची. आई म्हणते, ''सगळ्यांना वाटायचं, हिला एकदा आपल्या गल्लीत आणावं.'' लोकांनी मालिका किती खरी मानली होती, याचे दुसरे प्रमाण समोरच्या बाजूने मिळाले. टॅक्सीवाल्यांवरील भाग पाहून मुंबईतील टॅक्सीचालक संतापले आणि निषेध करण्यास दूरदर्शनच्या दारी गेले. कागदावर लिहिलेल्या, कॅमेऱ्यापुढे घडविलेल्या एका प्रसंगाला जिवंत माणसांनी असे उत्तर द्यावे, यात लेखकाचे, दिग्दर्शकाचे आणि नटीचे यश आहेच. परंतु या यशाची किंमत तिघांपैकी एकीलाच द्यावी लागली. लेखक आपल्या घरी गेले, दिग्दर्शक पुढच्या चित्रपटाकडे वळले. चेहरा मात्र प्रिया तेंडुलकर यांचा होता, आणि तो त्या दिवसापासून रजनीचा झाला.

हा चेहरा कोणाचा होता, हेही पाहिले पाहिजे. प्रिया तेंडुलकर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'घाशीराम कोतवाल' आणि 'सखाराम बाइंडर' या नाटकांचे कर्ते विजय तेंडुलकर हे त्यांचे वडील. अशा घरातील मुलीस रंगभूमी आयतीच मिळाली असेल, असे वाटते. प्रत्यक्षात त्यांची वाट बरीच वळणे घेत गेली. अगदी तरुण वयात त्यांनी गिरीश कर्नाड यांच्या 'हयवदन' नाटकात बाहुलीची भूमिका केली. पुढे पंचतारांकित हॉटेलात स्वागतिकेची नोकरी केली, विमानात हवाई सुंदरी म्हणून काम केले, जाहिरातींतून दिसल्या. १९७४ साली श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये त्यांनी जमीनदाराच्या मुलाची तरुण पत्नी साकारली. हा चित्रपट शबाना आझमी यांचा म्हणून लक्षात राहिला, आणि ते योग्यच आहे. पण पुन्हा पाहाल तेव्हा त्या पत्नीकडेही जरा पाहा. नवऱ्याच्या घरात पाऊल टाकताच काहीतरी बिनसले आहे हे तिला समजते, आणि ते समजलेले ती किती थोड्या हालचालींतून दाखविते! त्यानंतर 'गोंधळात गोंधळ', 'मुंबईचा फौजदार' असे मराठी चित्रपट त्यांनी केले. ते चालले, परंतु मराठी चित्रपटाने त्यांच्या बुद्धीचे चीज केले, असे काही आम्हांस म्हणवत नाही.

आणि त्या लिहीत होत्या. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला' हे कथासंग्रह, 'पंचतारांकित' हे पुस्तक. अभिनेत्रीने लिहिलेले म्हटले की आपण आठवणींचे, छायाचित्रांनी भरलेले पुस्तक समजतो. या कथा लेखिकेच्या आहेत. नात्यांत गुदमरणारी, दुसऱ्याची आणि स्वतःचीही फसवणूक करणारी माणसे त्यांत आहेत. त्या माणसांना धडा शिकवावयास तेथे कोणी रजनी येत नाही. जिने पडद्यावर प्रत्येक प्रश्न सोडवून दाखविला, तिनेच कागदावर न सुटणारे प्रश्न मांडले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. पण 'रजनी'च्या किती प्रेक्षकांनी ती पुस्तके उघडली असतील? आमच्या ओळखीतील ज्या ज्या वडीलधाऱ्यांना विचारले, त्यांतील एकालाही त्या लेखिका आहेत हे ठाऊक नव्हते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत १९५१ साली 'आय लव्ह ल्यूसी' ही मालिका सुरू झाली. तीतील ल्यूसी ही वेंधळी, नवऱ्यापासून काही ना काही लपविणारी, प्रत्येक कामाचा विचका करणारी गृहिणी. ती साकारणाऱ्या ल्यूसिल बॉल यांना साऱ्या देशाने अशीच एक गोड वेंधळी बाई मानले. हीच बाई पतीबरोबर उभारलेल्या 'देसिलू' या निर्मितिसंस्थेची भागीदार होती, आणि १९६२ साली पतीचा हिस्सा विकत घेऊन तिने ती संस्था स्वतः चालविली. पुढे जगभर गाजलेली 'स्टार ट्रेक' ही मालिका त्याच संस्थेतून बाहेर पडली. शिड्यांवरून पडणारी ल्यूसी लोकांनी पाहिली. हिशेबाच्या वह्यांवर सही करणारी बॉलबाई पाहण्याची त्यांना निकड वाटली नाही. आपण रजनीला धीट केले, त्यांनी ल्यूसीला वेंधळी केले. चूक एकाच जातीची.

ही चूक चित्रपटगृहापेक्षा घरातील पडद्यावर अधिक का होते, याचा विचार करताना आम्हांस आमच्या गावच्या दशावताराची आठवण होते. आमचे मूळ गाव गोव्यातील पेडणे तालुक्यातले. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि जत्रेच्या रात्री दशावतार, असे आमचे बालपण गेले. देवळापुढल्या मांडावर पहाटेपर्यंत खेळ चाले. संवाद लिहिलेले नसत. नट ते तिथल्या तिथे रचून बोलत. बायकांची कामेही पुरुषच करीत. राजाचे काम करणारा नट रात्रभर सिंहासनावरून गर्जना करी आणि सकाळी आपल्या सामानाची पेटी डोक्यावर घेऊन पुढल्या गावची वाट धरी. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हणच त्यावरून पडली आहे. राक्षसाच्या वेषाला भिऊन आम्ही मुले आईच्या पदराआड लपत असू. परंतु सकाळी तोच माणूस विहिरीवर तोंड धुताना दिसला की त्याच्याभोवती गोळाही होत असू. गावातील अक्षरशत्रू म्हातारीलाही वेष आणि माणूस यांतील अंतर ठाऊक होते. कारण पेटीही तिला दिसे आणि रंग उतरलेला चेहराही दिसे.

दूरदर्शनने हे अंतर पुसून टाकले. नटी दर आठवड्याला ठरल्या वेळी आपल्या घरात येते, आपण जेवत असताना बोलते, तिच्या घरातील भांडी आपल्या भांड्यांसारखीच असतात. तिची पेटी आणि तिचा बोजा कधीच दिसत नाही. आता तर हा पडदा प्रत्येकाच्या खिशात आला आहे. अशा स्थितीत चुकून एखाद्याने नटीला तिच्या भूमिकेच्या नावाने हाक मारली, तर आम्ही त्याला फारसा दोष देणार नाही. दोष लागतो तो पुढच्या पायरीवर, म्हणजे भूमिकेवरून आपण तिच्या आयुष्याचा निवाडा करू लागतो तेव्हा.

स्त्रियांच्या बाबतीत हा निवाडा अधिक कठोर असतो. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी कामे केली, त्या काळी भल्या घरची बाई कॅमेऱ्यापुढे उभी राहते ही कल्पनाच लोकांना सहन होत नसे. आपल्या सुरतेला तर या विषयात बोलण्याचा विशेष अधिकार आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' झळकला. त्याच्या नायिका जुबेदा यांचा जन्म सुरतेचा. त्यांची आई फातमा बेगम यांनी १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला, आणि भारतातील पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. सुरतेच्या मुलांना नर्मद ठाऊक असतो, संजीवकुमार ठाऊक असतो. या मायलेकींची नावे आम्ही वर्गात विचारली तेव्हा एकही हात वर झाला नाही. आणि खरे सांगावयाचे तर, हा लेख लिहावयास घेईपर्यंत आमचाही हात वर झाला नसता.

भूमिका आणि नटी यांची गल्लत केल्याने नटीवर अन्याय होतो, हे एक झाले. आमच्या मते तिने आपलेही नुकसान होते, आणि ते नुकसान जरा अधिक सांगण्यासारखे आहे. रजनी आपल्यासाठी भांडते, एवढे समाधान मिळाले की आपले भांडण आपण पुढे ढकलतो. चाळीच्या जिन्यात मोठ्याने बोलल्या गेलेल्या त्या तक्रारींपैकी किती कागदावर उतरल्या, असे आम्ही आईस विचारले. ती हसली आणि म्हणाली, ''कागद कोण आणणार?''

'रजनी' आली त्याच्या पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९८६ रोजी, ग्राहक संरक्षण कायदा झाला. मालिकेमुळे कायदा झाला असे आम्ही म्हणणार नाही. ग्राहकांच्या संघटना त्यापूर्वीपासून झटत होत्या. आज त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला असून तो २०२० च्या जुलैपासून लागू आहे. माल कोठेही घेतलेला असो, आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचे शुल्क नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून सल्लाही मिळतो. रजनीजवळ यांपैकी काहीच नव्हते; तिच्याजवळ केवळ तोंड होते.

यंदा सामाजिक विज्ञानाच्या तासाला हा विषय निघाला तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांना विचारले, ''सिलिंडर वजनाला कमी भरला तर काय कराल?'' एक म्हणाला, ''व्हिडिओ काढून टाकू.'' सारा वर्ग होय म्हणाला. म्हणजे आजही कोणीतरी पाहावे, कोणीतरी चिडावे आणि कोणीतरी येऊन सोडवावे, हीच अपेक्षा! मग लिंबायतीकडून येणाऱ्या एका मुलाने सांगितले की, घरी नवा घेतलेला मिक्सर पंधरा दिवसांत बंद पडला आणि दुकानदार आता ओळखही दाखवीत नाही. ''बिल कोठे आहे?'' असे विचारता तो खाली पाहू लागला. बिलाशिवाय घेतल्यास दोनशे रुपये कमी, असे दुकानदाराने सांगितले होते आणि वडिलांनी ते कबूल केले होते. दिवसभर यंत्रमागावर उभा राहणारा माणूस दोनशे रुपये सोडीत नाही, यात आम्हांस नवल वाटत नाही. पण अशा वेळी प्रत्यक्ष रजनी दारात उभी राहिली असती, तरी तिने काय केले असते? 'रजनी'च्या लेखकांना हा प्रसंग अर्ध्या तासात सोडवून दाखवावा लागला असता. आम्हांला तो अजून सुटलेला नाही. त्या मुलाने सर्व हकीकत तारखांसह एका कागदावर लिहून काढली आहे, आणि वडिलांबरोबर तो पुन्हा त्या दुकानात जाणार आहे, एवढेच आज सांगता येते.

सर्व काही एका माणसावर सोपविण्याची ही खोड सुरतेने मोठ्या प्रमाणावरही अनुभवली आहे. १९९४ च्या प्लेगनंतर शहर स्वच्छ झाले, ते आयुक्त एस. आर. राव यांनी केले, असे आपण सांगतो. रावसाहेबांचे श्रेय मोठेच आहे. पण रात्री झाडू घेऊन निघणारे हजारो हात त्या गोष्टीत कोठे आहेत? असो.

'रजनी' संपली आणि प्रिया तेंडुलकर यांच्यापुढे अवघड प्रश्न उभा राहिला. एकदा देवता झालेल्या माणसाने पुन्हा माणूस कसे व्हावे? त्यांनी तो आपल्या परीने सोडविला. १९९० च्या दशकात खासगी वाहिन्या आल्या, तेव्हा 'द प्रिया तेंडुलकर शो' हा चर्चेचा कार्यक्रम त्यांनी स्वतःच्या नावाने चालविला. तेथे लोक आपापसांत भांडत, आणि त्या उलटसुलट प्रश्न विचारीत. रजनीचा बाणा तेथे थोडा होता, हे नाकारता येत नाही. मात्र नाव या वेळी त्यांचे स्वतःचे होते. आणि १९९५ साली सुरू झालेल्या 'हम पाँच' या विनोदी मालिकेत त्यांनी जी भूमिका पत्करली ती पाहून आम्हांस त्यांच्याविषयी अधिकच आदर वाटतो. अशोक सराफ यांनी केलेल्या गृहस्थाची ती दिवंगत पहिली पत्नी. ती भिंतीवरील तसबिरीत असते आणि तेथूनच नवऱ्याशी बोलते. चालणे नाही, हातवारे नाहीत, साडीचा पदर खोचून कोणावर धावून जाणे नाही. चेहरा आणि आवाज एवढ्याच सामग्रीवर हसवायचे. ज्या बाईला लोकांनी रस्त्यावर उतरून भांडणारी म्हणून डोक्यावर घेतले, तिने स्वतःला एका चौकटीत बसविले आणि तेथूनही लोकांना हसविले. याला आम्ही अभिनय म्हणतो. आमच्या पिढीने त्यांना प्रथम पाहिले ते त्या चौकटीत. ह्याच त्या रजनी, असे घरातील मोठ्यांनी सांगितले तेव्हा आम्हांला ते खरे वाटले नव्हते.

१९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईस हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी त्या कर्करोगाशी झगडत होत्या. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस बरोबर एका महिन्यावर होता. वडील विजय तेंडुलकर त्यांच्यामागे जवळजवळ सहा वर्षे जगले.

त्या विद्यार्थिनीच्या आईस जे त्या दिवशी सांगता आले नाही, ते आता येथे लिहितो. बाई, तुमची मुलगी सासू नाही. आपल्या शेजारपाजारच्या चार बायकांचे बोलणे, चालणे, रागावणे तिने महिनाभर निरखून पाहिले, तोंडपाठ केले, आणि पंधरा मिनिटांपुरते अंगावर घेऊन पुन्हा काढून ठेवले. गणित सोडविण्यास जी बुद्धी लागते तिच्याहून ही बुद्धी कमी प्रतीची नाही. आणि तिची थट्टा ज्यांनी केली त्यांत आमच्या वर्गातील मुले होती, म्हणून त्या चुकीत आमचाही वाटा आहे. नाटकानंतर दुसऱ्याच दिवशी साऱ्या नटांना वर्गापुढे उभे करून, ही भूमिका तू कशी बसविलीस, असे एकेकास विचारले असते, तर मुलांना ती पेटी आणि तो बोजा दिसला असता. यंदा तसे करण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे.

नाटकाच्या पात्रांची यादी फलकावर लागली आहे. यंदाच्या नाटकातही एक भांडखोर म्हातारी आहे. तिच्या नावापुढची जागा आम्ही मुद्दामच रिकामी ठेविली आहे. गेल्या शनिवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी फलकापुढे बराच वेळ उभी होती.